अवतारांच्या यादीत रेणुका कुठे आहे?

(नवरात्राच्या तोंडावर परळ येथे झालेल्या कार्यकर्त्यांच्या एकदिवसीय शिबिरातील भाषण. बोलण्याचा बाज तसाच ठेवून शब्दांकन केले आहे. शेवटी चर्चेतील काही प्रश्नोत्तरे.)

मैत्रिणींनो,

आजचा विषय ठरला तेव्हा दोन तऱ्हांनी बोललं गेलं. काहीजणी म्हणाल्या, मारहाण, घर, रेशन, नोकरी एवढे प्रश्न समोर असताना अवतार नि मूर्ती कसल्या घेऊन बसलात? काहीजणी म्हणाल्या, बरं झालं, नवरात्र आलं की वस्तीत काय बोलावं हे आम्हाला कधीच कळत नाही. मला दोघींचंही पटतं. म्हणून मी शास्त्रार्थ करणार नाही. आपल्या सल्ला केंद्रात जी बाई येते, तिच्या बाजूला बसून या देवांच्या रूपांकडे बघितलं तर काय दिसतं, एवढंच मांडणार आहे.

आपण बसलोय त्या परळमध्येच बारादेवीचं देऊळ आहे. 1931 साली परळहून शिवडीकडे रस्ता काढताना या भागात एक प्रचंड शिळा सापडली. सुमारे साडेतीन मीटर उंच, पाचव्या-सहाव्या शतकातली. मधे एक शिव उभा, त्याच्यातून वर दुसरा निघतो, त्याच्यातून तिसरा, आणि डाव्या-उजव्या अंगांनीही आणखी निघतात. एकूण सात. सोबत वाद्यं वाजवणारे गण. कलेच्या पुस्तकांत तिला 'परळचा शिव' म्हणतात. पण ती ठेवली आहे बारादेवीच्या देवळात, आणि वस्तीत पत्ता विचारायचा तर बारादेवीचाच विचारावा लागतो. सात शिव देवीच्या घरी बिऱ्हाडाला आहेत म्हणा ना.

ही शिळा आधी सांगितली कारण तिच्यात एक फरक डोळ्यांना दिसतो. रूप वेगळं आणि अवतार वेगळा. रूप म्हणजे जे आहे तेच निरनिराळं दिसणं, जसे हे एकातून निघालेले सात. अवतार म्हणजे उतरणं. देव वर असतो, खाली काहीतरी बिघडतं, तो ठरावीक कामासाठी देह घेऊन खाली येतो, काम उरकतो आणि जातो. धर्माला ग्लानी आली की मी येतो, हे गीतेतलं आश्वासन आपण लहानपणापासून ऐकलेलं आहे. आता धर्म बिघडला हे कोणी ठरवायचं? उतरून आलेला कोणाच्या बाजूनं उभा राहतो? आपल्या कामाचा प्रश्न इथे सुरू होतो.

दशावतारांची यादी तुम्हाला पाठ आहे. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन, परशुराम, राम, कृष्ण, बुद्ध, कल्की. आपल्याकडच्या जुन्या पंचांगांत आणि देवळांच्या कोरीवकामात नवव्या जागी बुद्धाऐवजी विठ्ठल उभा दिसतो, तो भाग निराळा. दहांत बाई एकही नाही. मासा चालतो, कासव चालतं, डुक्कर चालतं. विष्णूनं एकदा बाईचं रूप घेतलं, मोहिनीचं. भागवतातल्या मोठ्या यादीत ती येते, या दहांत नाही. आणि तिला काम कोणतं दिलं? असुरांना भुलवून अमृत काढून घ्यायचं. म्हणजे बाईचा देह घेतला तोही आमिष म्हणून.

यादीबद्दल शंका घेणाऱ्या आपण पहिल्या नव्हे. जोतीराव फुल्यांनी 1873 साली 'गुलामगिरी'त मत्स्यापासून परशुरामापर्यंत एकेका अवताराला समोर उभं करून विचारलं, तू कोण, कुठून आलास, इथल्या कष्टकऱ्यांचं तू काय केलंस? त्यांच्या लेखी वामनानं पाताळात घातलेला बळी हाच आपला राजा. परशुराम चिरंजीव आहे असं सांगतात ना, तर त्यांनी चक्क त्याला जाहीर पत्र लिहून सहा महिन्यांची मुदत दिली, की हजर हो. तो काही आला नाही. पुढे नऊ वर्षांनी बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुष तुलना'त पुराणातल्या देवांच्या वागणुकीचाही हिशेब मागितला. बाबासाहेबांनी तर 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला ती यादीच सोडून दिली. 22 प्रतिज्ञांत देवानं अवतार घेतला हे मानणार नाही अशी एक आहे, आणि बुद्ध हा विष्णूचा अवतार ही गोष्ट खोटी मानतो अशी एक स्वतंत्र आहे. ती स्वतंत्र का लागली? कारण यादीची एक खोड आहे. जे तिला आवरत नाही त्याला ती आत ओढून घेते. विरोधकाला क्रमांक देते.

गावदेवींचंही तसंच झालेलं आहे. मुंबादेवी ही कोळ्यांची आई. तिचं मूळ देऊळ आजच्या बोरीबंदरच्या भागात होतं, किल्ल्याच्या कामात ते हललं आणि ती भुलेश्वरकडे आली. पुढे तिचं माहात्म्य रचलं गेलं. एक दैत्य माजला, देवांनी आपल्या तेजातून देवी निर्माण केली, तिनं त्याला मारलं आणि त्याचंच नाव घेतलं. कोळणींची आई होती तेव्हा तिला कोणी निर्माण करायची गरज नव्हती, ती होतीच. माहात्म्य आलं, की ती कोणाच्या तरी आज्ञेवरून जन्माला येते.

आता रेणुका. गोष्ट तुम्हाला माहीत आहे, तरी सांगते, कारण तिच्यातला एक तपशील आपण नेहमी गाळतो.

महाभारतात वनपर्वात ती आहे. जमदग्नी ऋषींची बायको, पाच मुलांची आई. नदीवर आंघोळीला गेली. तिथे चित्ररथ राजा आपल्या बायकांबरोबर पाण्यात खेळत होता. तिनं ते पाहिलं आणि क्षणभर तिचं मन हललं. आपल्याकडे सांगतात त्या गोष्टीत ती रोज ओल्या वाळूचा घडा वळून पाणी आणायची, त्या दिवशी घडा वळेना. कुणाशी ती बोलली नाही, कुणाला शिवली नाही. घरी आली. नवऱ्यानं चेहऱ्यावरून ओळखलं आणि मुलांना हुकूम सोडला, आईला मारा. चौघं मुलगे हलले नाहीत. बापानं त्यांना शाप दिला. मग धाकटा आला. त्यानं परशू उचलला आणि आईचं डोकं उडवलं. हा धाकटा म्हणजे परशुराम, यादीतला सहावा.

बाप प्रसन्न झाला, वर माग म्हणाला. परशुरामानं मागितलं, आई जिवंत व्हावी, भाऊ पूर्ववत व्हावेत. इथपर्यंत आपण सांगतो आणि म्हणतो, बघा, किती शहाणा मुलगा, बापाचाही शब्द राखला आणि आईलाही परत आणली. पण त्यानं आणखी एक मागणं केलं होतं. आपल्याला मारलं होतं याची आईला आठवण राहू नये. तोही वर मिळाला.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला केंद्रातली नोंदवही आठवली. कपाळाला टाके घेऊन आलेली बाई इस्पितळात सांगते, मोरीत पाय घसरला. सासरचे सांगतात, झालं गेलं विसर, मुलांकडे बघ. माहेरचे तेच सांगतात. चौकीवर हवालदार तेच सांगतो. 1983 साली 498अ आलं, 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आला, आता 2024 पासून 498अ च्या जागी भारतीय न्याय संहितेचं कलम 85 आहे. या प्रत्येक कायद्याखाली पहिलं काम एकच असतं. काय झालं ते तारीख-वारासकट बाईनं सांगायचं. आणि तिच्या भोवतालचा प्रत्येक माणूस नेमकं तेच पुसायला बसलेला असतो. संशयावरून बायकोला मारल्याची बातमी आजही वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळींत येते. तिच्यात 'चारित्र्याच्या संशयावरून' हे शब्द असे टाकलेले असतात, जणू तेवढ्यानं सगळा उलगडा झाला.

पोथीनं रेणुकेच्या मनातून तो वार पुसला. पण देवळात काय आहे? नांदेड जिल्ह्यात माहूरला गेलेल्या असाल तुमच्यापैकी कोणी. आपल्या साडेतीन पीठांतलं ते एक. तिथे रेणुकेची मूर्ती म्हणजे नुसता चेहरा आहे. शेंदूर लावलेला भव्य तांदळा. धड नाही, हात नाहीत, पाय नाहीत. माहूरला कथा वेगळी सांगतात. जमदग्नीला सहस्रार्जुनानं मारलं, रेणुका त्याच्याबरोबर सती गेली, परशुराम आईसाठी रडू लागला. आकाशवाणी झाली की ती जमिनीतून वर येईल, तोवर मागे वळू नकोस. त्याला धीर धरवला नाही, तो वळला, तेवढ्यात नुसतं मुख वर आलं होतं आणि तेवढंच राहिलं. भाविक यात आईची ओढ वाचतात. मी त्यांच्या भावनेला हात लावत नाही. पण दोन्ही कथा शेजारी ठेवा. एकीत मुलानं डोकं तोडलं, दुसरीत मुलाच्या घाईनं डोकंच तेवढं उरलं. कथा किती वळवली, तरी गाभाऱ्यातलं डोकं धडाला जोडलेलं नाही.

रा. चिं. ढेरे यांचं 'लज्जागौरी' 1978 साली आलं. डोक्याच्या जागी कमळ असलेल्या, धडाच्या, प्रसवाच्या स्थितीतल्या ज्या मूर्ती आपल्याकडे आणि दक्षिणेत सापडतात, त्यांचा अर्थ त्यांनी लावला. मातीचा, पेरणीचा, जन्म देण्याचा. रेणुकेचा संबंध त्यांनी या भूमीच्या देवीशीच जोडला. रेणु म्हणजे धुळीचा कण. त्यांच्या मांडणीवरून मला असं वाटतं, हे मत माझं, की रूप आधीचं आहे आणि खून नंतरचा. आधी लोक मातीची पूजा करत होते. कुठे नुसतं धड, कुठे नुसतं तोंड. मग कोणीतरी विचारलं असेल, हिचं डोकं कुठे गेलं? उत्तर देणाऱ्यानं ते बाईच्या चारित्र्यावर आणून ठेवलं.

मुंबईपासून हे लांब नाही. वरळी, माहीम, शिवडीच्या कोळीवाड्यांतून कार्ल्याच्या एकवीरेला पालख्या जातात. ती एकवीरा म्हणजे रेणुकाच, असं मानतात. गिरगावात ज्यांनी शाळा, नाटकं, वर्तमानपत्रं काढली त्यांतले पुष्कळजण कोकणातून आलेले, आणि परशुरामानं समुद्र हटवून कोकण वसवलं ही त्यांच्या घरातली कथा. चिपळूणजवळ परशुरामाचं मोठं देऊळ आहे. रेणुकेचंही आहे तिथे, त्याच्या मागच्या बाजूला. लालबाग-परळच्या चाळींत गिरण्यांसाठी आलेला कोकणी माणूस होता, घाटावरचा होता. घाटावरच्यांच्या परडीत हीच रेणुका यल्लम्मा म्हणून आली. सौंदत्तीची यल्लम्मा.

तिच्या नावानं पोरी सोडल्या गेल्या. जोगतीण डोक्यावर जग घेते, परडीत देवीचा मुखवटा असतो, चौंडकं वाजतं, बायका तिच्या पाया पडतात, ओटी भरतात, आई म्हणतात. कोल्हापूर, सांगली, बेळगावच्या गावांतल्या या पोरींपैकी किती कामाठीपुऱ्यात आणल्या गेल्या हे तिथे काम केलेल्या कोणालाही विचारा. इथून बसनं अर्ध्या तासाचं अंतर. मुंबई इलाख्यात देवदासी प्रथेविरुद्धचा कायदा 1934 चा. महाराष्ट्राला नवा कायदा करावा लागला 2005 साली. मधली 70 वर्षं ती देवीचं रूप होती आणि एका खोलीचं भाडंही होती. देवीचं रूप म्हटलं की बाईला प्रतिष्ठा मिळते, असं जे आपल्याला सांगतात, त्यांना या दोन सालांची आठवण करून द्यावी.

तुळशीचं तेच. कार्तिकात गिरगावच्या चाळींत गॅलरी-गॅलरीत तुळशीचं लग्न लागतं. ऊस, चिंचा, आवळे, मुलांना चुरमुरे, मजा असते. कथा काय आहे? वृंदेच्या पातिव्रत्यामुळे तिचा नवरा जालंधर मरत नव्हता. म्हणून विष्णूनं जालंधराचं रूप घेऊन तिला फसवलं. तिला कळलं तेव्हा तिनं त्याला दगड हो म्हणून शाप दिला आणि जीव दिला. तिच्या जागी तुळस उगवली. आणि आपण दर वर्षी त्याच दगडाशी तिचं लग्न लावतो, अंतरपाट धरून, मंगलाष्टकं म्हणून. बलात्काराच्या प्रकरणात वस्तीतली वडीलधारी मंडळी 'लग्न लावून मोकळे व्हा' म्हणतात, तेव्हा त्यांना हा तोडगा कुठून सुचतो याचं मला नवल वाटत नाही.

पण रूपाचं नाव घेऊन बाईच्या हाती काही आलं, असंही याच गिरणगावात घडलं. गिरणी कामगार बायकामुलं गावी ठेवून एकटा यायचा. त्याला दोन वेळचं जेवण घालणाऱ्या बायका लालबाग-परळच्या खोल्याखोल्यांतून होत्या. खानावळवाली म्हणत तिला. किराणा उधारीवर, उधारी भागवायला सावकार, सावकाराचं व्याज गळ्याशी. कामगार चळवळीतून आलेल्या प्रेमाताई पुरव यांनी 1975 साली या बायकांना एकत्र आणलं आणि राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज त्यांच्या नावावर मिळवून दिलं. संघटनेचं नाव ठेवलं अन्नपूर्णा महिला मंडळ. अन्नपूर्णा हे पार्वतीचं रूप, जिच्या दारात शंकर भिक्षापात्र घेऊन उभा राहतो. आता बघा, घरात आपल्याला अन्नपूर्णा म्हणतात ते कशासाठी? फुकट रांधावं, सगळ्यांच्या शेवटी जेवावं आणि तक्रार करू नये म्हणून. तेच नाव इथे कर्जाच्या अर्जावर आलं, हिशेबाच्या वहीवर आलं. 1982 चा संप झाला, खानावळींचे मेंबर गावी निघून गेले, तेव्हा या बायकांच्या चुलीवर काय आलं हे त्यांनाच ठाऊक. पण संघटना टिकली.

म्हणून देवीचं नाव घ्यायचंच नाही, असा फतवा मी काढत नाही. रूप समोर आलं की मी तीन गोष्टी विचारते. हे कोणी दिलं? याला हात कोणी लावायचा? आणि याच्या बदल्यात जिवंत बाईकडून काय मागतात?

हात कोणी लावायचा, हा प्रश्न आपल्या दादरमध्ये 1926 साली गाजला. सार्वजनिक गणपतीची पूजा अस्पृश्य मानलेल्या माणसाच्या हातूनही झाली पाहिजे, असा आग्रह प्रबोधनकार ठाकरे, रावबहादूर बोले, डॉ. आंबेडकर यांनी धरला. उत्सव सार्वजनिक म्हणता, वर्गणी सगळ्यांची घेता, मग मूर्तीला हात एकाच जातीचा का? मोठी खडाजंगी झाली. पुढे तो गणेशोत्सव थांबला आणि दादरला शिवभवानीचा नवरात्र उत्सव सुरू झाला. हात कोणाचा यावरून भांडण झालं आणि मांडवातला देवच बदलला. ही हकिगत वाचताना मी त्या मांडवात बायका कुठे उभ्या होत्या ते शोधत असते.

बायकांचा प्रश्न कोर्टात निघायला 2016 उजाडलं. शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर बायकांना मज्जाव होता. विद्या बाळ आणि ॲडव्होकेट नीलिमा वर्तक यांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. गंमत अशी की यासाठी नवा कायदा लागलाच नाही. देवळात प्रवेश नाकारता येणार नाही असा महाराष्ट्राचा कायदा 1956 पासून पुस्तकात होता. तो 60 वर्षं कोणी बायकांसाठी उघडून पाहिला नव्हता. न्यायालयानं सरकारला तो अमलात आणायला सांगितलं आणि 8 एप्रिलला, गुढीपाडव्याच्या दिवशी, चौथरा खुला झाला. त्याच वर्षी हाजी अलीच्या दर्ग्यात आतपर्यंत जायचा हक्कही मुस्लिम बहिणींनी याच न्यायालयातून मिळवला. विद्याताई आज नाहीत. त्या स्वतः देव न मानणाऱ्या होत्या, आणि तुम्ही कशाला या भानगडीत पडलात, असं त्यांना पुष्कळांनी विचारलं. मला वाटतं आपल्यातल्या नास्तिक मैत्रिणींनी यावर थोडा विचार करावा. ज्या दारातून आपल्याला आत जायचंच नाही, ते दार दुसरीसाठी बंद असेल तर तो आपला प्रश्न आहे की नाही?

शेवटी आपल्या स्वतःच्या घराकडे बघू. 1980 साली मथुरा प्रकरणावरून बायका रस्त्यावर आल्या तेव्हापासून आपल्या पोस्टरांवर दुर्गा आली, काली आली, आठ हातांची बाई आली. एका हातात लाटणं, एकात फाईल, एकात मूल. बायकांना ती लगेच कळायची, म्हणून आली. पण डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये या शहरात काय झालं ते इथल्या वयस्क मैत्रिणींनी पाहिलेलं आहे. महाआरत्या रस्त्यावर आल्या, आणि त्यांत बायकाही होत्या, देवीचाच जयजयकार करत. त्यानंतर ते पोस्टर भिंतीवर लावताना आपला हात अडखळू लागला. मुसलमान मैत्रीण मीटिंगला आली तर तिला ते पोस्टर काय सांगेल? बौद्ध मैत्रिणीला काय सांगेल? हा वाद तेव्हाच्या स्त्री-संघटनांत झाला आणि तो झाला हे चांगलं झालं. माझं मत स्पष्ट आहे. वस्तीतली बाई देवीची गोष्ट सांगू लागली तर मन लावून ऐकायची. संघटनेच्या फलकावर देवी घ्यायची नाही.

आणि 'तू देवी आहेस' हे वाक्य कोणत्याही बाईला म्हणायचं नाही. केंद्रात तर मुळीच नाही. देवीला टाके पडत नाहीत, देवीला पोटगी लागत नाही.

चर्चेतून

प्रश्न: नवरात्रातल्या नऊ रंगांचं काय? आमच्या गटातल्या बायका त्यात रमतात.

ते रंग काही पुराणातले नाहीत. गेल्या वीसेक वर्षांत वर्तमानपत्रांनी रुजवले, आणि साड्यांच्या दुकानांचं भलं झालं. पण लोकलच्या डब्यात मी एक पाहते. हळदीकुंकवाला नवरा जिवंत आहे का हे आधी बघतात. आजचा रंग हिरवा असेल तर तो कोणीही नेसतं. विधवा नेसते, टाकलेली नेसते, बिनलग्नाची नेसते, ख्रिश्चन नेसते, आणि सगळ्या एका फोटोत येतात. यात क्रांती नाही. पण तेवढं मोकळेपण बायकांनी त्यातून काढून घेतलं, हे मी नाकारणार नाही. जिला नवी साडी परवडत नाही तिला त्या दिवशी कसं वाटतं, हे मात्र गटात विचारा.

प्रश्न: आम्ही कोकणातल्या. गौर आणायची की नाही?

मी नाही म्हणणारी कोण? तेरड्याची गौर आणता ना तुम्ही? दादरच्या फूलबाजारातून जुडी आणायची, मुखवटा बांधायचा, साडी नेसवायची. कित्येक घरांत तिला तिखटाचा नैवेद्य असतो, मटण-वडे असतात. ब्राह्मण लागत नाही, मंत्र लागत नाही. बाई घडवते, बाई जेवू घालते, तिसऱ्या दिवशी बाईच बोळवते. इतकं बायकांच्या हातातलं रूप दुसरं दाखवा. पण त्याच घरात विधवा जाऊबाई दाराआड उभी असते, आणि ज्या मुलीला पाळी आली ती गॅलरीत. तिथे तुमचं काम आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात सरकारनं इतर गावांनीही तसं करावं म्हणून परिपत्रक काढलं. गावाला जमलं ते एका मजल्यावरच्या दहा बिऱ्हाडांना का जमू नये? तिलाच गौरीचे हात धरून आत आणायला सांगा.

प्रश्न: नवरात्रात आमच्या चाळीत दोघीतिघींच्या अंगात येतं. आम्ही अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करतो. काय भूमिका घ्यावी?

जादूटोणाविरोधी कायदा 2013 साली, डॉ. दाभोलकरांच्या खुनानंतर आला. अंगात आल्याचं भासवून भीती घालणारे, पैसे उकळणारे, पोरीबाळींचं शोषण करणारे बुवा-बाया यांच्यासाठी तो आहे. जिच्या अंगात येतं आणि जी थकून पडते, तिच्या घरी पोलीस घेऊन जायचं नाही. ती घुमत असताना काय बोलते ते ऐका. एरवी नवऱ्यासमोर तोंड न उघडणारी बाई त्या वेळी त्याचं नाव घेऊन बोलते, पगार कुठे उडवतोस विचारते, सासूला बस म्हणते, आणि ते सगळे हात जोडून ऐकतात. त्या वेळी कुणी अडवू नका, वादही घालू नका. दोन-तीन दिवसांनी, पाहुणे गेल्यावर, दुपारी तिच्याकडे चहाला जा. ती म्हणेल, मी काय बोलले मला काही आठवत नाही. तुम्ही ऐकलेलं असेल तर तिला सांगा, आणि केंद्राचे वार आणि वेळ लिहून द्या.